एकतीस माणसांचे पाणी

झुंबरबाई केदारे यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी ज्या कागदावर सही केली, त्यावर त्यांच्या पदाचे नाव 'शिपाई' असे होते आणि पुढे कंसात 'पाणी' हा शब्द होता. कालवा खात्याच्या त्या कचेरीत शिपाई पुष्कळ होऊन गेले होते, पण कंसात पाणी असलेला शिपाई त्याआधी एकही नव्हता. तो कंस पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीने आणला होता. झुंबरबाईंनाही तिनेच आणले होते.

साथ १९७८ च्या उन्हाळ्यातली. ही पटकी काही नाशकात जन्मलेली नव्हे. सतरा-अठरा वर्षे ती देशोदेशी हिंडत होती आणि जिथे माणसांना पाण्यासाठी वाकावे लागते तिथे मुक्काम करत होती. त्या वर्षी गोदावरीच्या पात्रातले दगड चैत्रातच उघडे पडले, शहराच्या खालच्या भागातले नळ दिवसाआड झाले आणि वैशाख सरता सरता तिथल्या घरांतून आधी दोन, मग पाच, मग रोज दहा-दहा माणसे दवाखान्यात जाऊ लागली. झुंबरबाईंचे यजमान बहिरू केदारे कालव्यावर चौकीदार होते. कालवा कोरडा असला तरी चौकीदाराला दारांची राखण चुकत नाही. त्या राखणीत त्यांनी कालव्याच्या तळाशी उकरलेल्या झिऱ्याचे पाणी प्यायले. सोमवारी सकाळी भाकरी बांधून गेलेला माणूस मंगळवारी दुपारी नव्हता. झुंबरबाईंचे माहेर नांदगावकडचे; पाणी दुरून आणण्याची सवय त्यांना लहानपणापासून होती. पाणी घरी येऊन माणूस घेऊन जाते, हे मात्र त्यांनी त्या मंगळवारी पाहिले. दिवाळीनंतर खात्याने त्यांना मयताच्या वारस म्हणून कामावर घेतले.

कचेरी दगडी भिंतींची, कौलारू, लांब व्हरांड्याची. साथीपूर्वी त्या व्हरांड्यात दोन रांजण असत, त्यांवर लाकडी झाकण आणि झाकणावर ॲल्युमिनियमचे एक भांडे. ज्याला तहान लागेल त्याने झाकण सरकवायचे, भांडे बुडवायचे आणि प्यायचे. हा झाला सव्वीस माणसांचा रिवाज. खालच्या भागातल्या बौद्ध वस्तीतून येणाऱ्या माणसांना रांजणांची देखरेख करणारे गोरक्षनाना वरून धार धरीत आणि ती माणसे ओंजळीने पीत. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. कचेरीत जे लिहिलेले नसते तेच सर्वांत काटेकोरपणे पाळले जाते, याचे ते एक उदाहरण होते. जयराम पगारे नावाचे कनिष्ठ लिपिक त्याच वस्तीतले. बी. ए. झालेले, अक्षर मोत्यांसारखे. ते आठ वर्षे घरून कापडी आवरणाची बाटली भरून आणीत. पगाऱ्यांचे पोट नाजूक आहे, असे सहकाऱ्यांनी ठरवून टाकले होते आणि पगाऱ्यांनी ते तसे ठरू दिले होते.

साथ ओसरल्यावर वरून परिपत्रक आले आणि कचेरी बदलू लागली. दोन्ही रांजण काढून मागच्या आवारात उपडे घातले गेले. व्हरांड्याच्या उत्तर कोपऱ्यात सिमेंटची टाकी उभी राहिली. तिला कुलपाचे झाकण, खाली पितळेच्या तीन तोट्या आणि सांडलेले पाणी साचू नये म्हणून उतरती फरशी. थुंकीच्या कुंड्या गेल्या. टेबलांमधले अंतर हातभर वाढले. कामासाठी येणाऱ्या शेतकऱ्यांनी आत गर्दी करू नये म्हणून पूर्वेच्या भिंतीत खिडकी पाडण्यात आली. साथ गेली तरी ती खिडकी आणि आत येण्याची ती बंदी दोन्ही राहिली, कारण लिपिकांना ती भारी सोयीची वाटू लागली. आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला स्टीलचा पेला मिळाला, ज्यावर ठिपक्याठिपक्यांनी त्याचे नाव कोरले होते. एकाचे उष्टे दुसऱ्याने पिऊ नये, हा हेतू. हेतू निर्दोष होता. पेले ठेवण्यासाठी मात्र मुख्य लिपिक खैरनार यांनी दोन फळ्या बसवून घेतल्या. वरच्या फळीवर सव्वीस पेले, खालच्या फळीवर पाच. साथ खालच्या भागातून उठली, सबब तिकडून येणाऱ्यांचे पेले तूर्त वेगळे असावेत, असे ते म्हणाले. कॅशियर आणि दोन लिपिक त्याच खालच्या भागात, भरल्या बाजारात राहत. त्यांचे पेले वर होते. इमारत साथीतून काय शिकली ते तिच्या नव्या खिडक्यांवरून कळते. काय शिकायचे तिने नाकारले, ते कळायला तिच्या फळ्या पाहाव्या लागतात.

झुंबरबाईंनी या फळ्या पहिल्याच दिवशी पाहिल्या; खालच्या पाचांत त्यांचाही पेला होता. त्या काही बोलल्या नाहीत, कारण त्यांच्याकडे त्याहून मोठी वस्तू आली होती: टाकीची किल्ली. आरोग्य खात्याच्या चार दिवसांच्या शिक्षणवर्गात त्या बसल्या होत्या, तिथला दाखला त्यांच्याजवळ होता आणि अख्ख्या इमारतीत तसा दाखला दुसऱ्या कुणाजवळ नव्हता. सकाळी साडेनऊला टाकी धुवायची. एकतीस माणसांना दिवसभर पुरेल इतके पाणी भरायचे. मापाची ब्लीचिंग पावडर कालवायची. अर्ध्या तासाने काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाण्याला पिवळसर रंग आला की पावडर पुरेशी आहे असे समजायचे. मग हे सारे रजिस्टरात लिहायचे. चौथीपर्यंत शिकलेल्या झुंबरबाईंचे अक्षर मोठे आणि ताठ होते; प्रत्येक नोंद दोन ओळी खाई. आठवड्याच्या शेवटी खैरनार त्या नोंदींखाली 'तपासले' असे लिहून सही करीत.

शिमग्यापर्यंत सारे सुरळीत चालले आहे असे दिसले. मग एके दिवशी लिपिकांच्या खोलीत कपाटामागे एक सुरई दिसली. गळ्याला ओले फडके, वर वाटी.

"गोरक्षनाना, ही कुणाची?" झुंबरबाईंनी विचारले.

गोरक्षनानांना आता टपालाचे काम होते आणि रांजण गेल्याचा सल त्यांच्या मनातून गेला नव्हता. ते म्हणाले, "सायब लोकांची."

"सायब तर पल्याड बसत्यात. ही तर क्लार्क लोकांच्या खोलीत हाय."

"तुला टाकी दिली ना, बाई? टाकी सांभाळ की."

"पाणी कुठलं हाय तिच्यात?"

"मागच्या आळीतल्या आडाचं. लय गोड."

"ज्याच्यावर साथीत लाल फुली मारली व्हती, त्या आडाचं?"

"पुसली ती फुली."

"कुणी पुसली?"

"पावसानं," गोरक्षनाना म्हणाले आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन टपालाची पिशवी काखेत मारून निघून गेले.

झुंबरबाईंना हसू आले नाही. त्या दिवशी पेले धुताना त्यांनी वरच्या फळीकडे प्रथमच नीट पाहिले. अकरा पेले कोरडे होते. दुसऱ्या दिवशीही तेच अकरा. वापरलेल्या पेल्याच्या काठावर ओठांची पुसट खूण राहते, तळाशी थेंब राहतो. न वापरलेला पेला कालच्याच फडक्याचा वास धरून असतो. आठवडाभरात त्यांना ती अकरा नावे पाठ झाली. त्यांत पहिले नाव खैरनारांचे होते.

खैरनार देवळ्याकडचे, कांद्याची शेती असलेल्या घरातले. वीस वर्षे लेखणीवर काढली होती. मसुदा करावा तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. त्यांनी कुणाला कधी वाईट शब्द बोलल्याचे कुणी ऐकले नव्हते. जूनच्या मध्यावर, एका शुक्रवारी, त्यांनी झुंबरबाईंना बोलावून समोरच्या बाकावर बसायला सांगितले. त्या उभ्याच राहिल्या.

"बाई, तुमच्या भल्याचं सांगतो," खैरनार म्हणाले. "लोकांची तक्रार आलीय. अकरा सह्या आहेत. पाण्याला औषधाचा फार वास मारतो म्हणतात. मी साहेबांना सुचवलंय, तुम्हाला रेकॉर्डरूमला द्यावं. तिथं सावली आहे, पंखा आहे, उचलायचं-सांडायचं काही नाही. पगार हाच. पाणी परत गोरक्ष बघेल."

"मग पंखा गोरक्षनानांना द्या की, भाऊसाहेब. त्यांचं वय झालं."

"तुम्ही समजून घ्या जरा."

"समजलं म्हणूनच बोलते. नानांकडं दाखला हाय का?"

"दाखल्याचं काय, चार दिवसांत मिळतो."

"वासाचं म्हणाल तर पावडर नानांनी टाकली तरी वास तोच येनार."

खैरनारांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी अकराला साहेबांपुढं बोलणं आहे. तोवर विचार करा. उगीच ताणू नका."

झुंबरबाईंनी विचार केला, पण खैरनारांना अभिप्रेत होता तो नव्हे. रेकॉर्डरूम वाईट नव्हती. पाठीला आराम होता. त्या आपण होऊन गेल्या असत्या तर कुणी त्यांना नावे ठेवली नसती, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना खुपत होती. त्या टाकीपासून हलल्या की एक गोष्ट सिद्ध झाली असे धरले जाणार होते: या हातचे पाणी पिता येत नाही. आज या कचेरीत, उद्या शेजारच्या, परवा ज्या ज्या सरकारी इमारतीत टाक्या बसल्या होत्या तिथे, कंसातल्या पाण्यापुढे आपल्या माणसाचे नाव लिहिताना कुणीतरी थबकणार होते. बहिरू केदाऱ्यांना जे पाणी नशिबी आले ते तरी कुणी तपासले होते? आता पाणी तपासणारी त्यांची बायको होती आणि तिला पंख्याखाली बसवायचे घाटत होते.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर जयराम पगारे त्यांच्यासोबत वस्तीपर्यंत चालले. तक्रारीची नक्कल त्यांनीच उतरून आणली होती.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले. "रेकॉर्डरूम घ्या. भांडण आपल्याला परवडत नाही. मी आठ वर्षं बाटली वागवली. माझं काय बिघडलं?"

"तुमचं नाय बिघडलं, भाऊ. तुमच्या बाटलीनं त्यांचं काय बिघडलं, ते सांगा."

जयरामांनी खिशातून नक्कल काढली आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून वाचून दाखवली. खैरनारांचा मसुदा नेहमीसारखाच चोख होता. मोघम तक्रार टिकत नाही, हे वीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी तीत तारखा घातल्या होत्या: 'दिनांक ११ जून ते १४ जून या चारही दिवशी सदर पाण्यास जंतुनाशक पावडरीचा असह्य दर्प येत असून, त्यामुळे खालील सह्या करणाऱ्यांस मळमळ व डोकेदुखीचा उपद्रव झाला...'

"तारखा परत वाचा," झुंबरबाई म्हणाल्या.

"अकरा ते चौदा जून."

"चारी दिवस?"

"चारही दिवशी, असं लिहिलंय. का हो?"

"काय नाय. चला."

पुढचा रस्ता त्या जयरामच्या दोन पावले पुढे चालल्या.

सोमवारी अकरा वाजता साहेबांच्या खोलीत सहा-सात माणसे होती आणि दाराच्या पडद्यामागे बाकीची. साहेब म्हणजे उपविभागीय अधिकारी देवस्थळी. माणूस वाईट नव्हता. आपल्यापुढची फाइल लवकर बंद व्हावी आणि पुन्हा उघडू नये, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती. खैरनारांनी तक्रार वाचली. वाचणे संपल्यावर साहेबांनी झुंबरबाईंकडे पाहिले.

"काय म्हणणं आहे, बाई?"

"मला भाऊसाहेबांना दोन गोष्टी इचारायच्या हायत."

"विचारा."

"वास कसला व्हता, भाऊसाहेब?"

"लिहिलंय ना. औषधाचा. तुमच्या पावडरीचा."

"हलका की जास्ती?"

"डोकं उठण्याइतका."

"अन् चारी दिवस व्हता?"

"चारी दिवस," खैरनार म्हणाले. "अकरा जणांनी सह्या केल्यात, बाई. अकरा माणसं एकदम खोटं बोलतील का?"

झुंबरबाईंनी काखेतले रजिस्टर साहेबांपुढे ठेवले. खूण म्हणून त्यात झाडूची काडी घातली होती. "वाचा, सायब. मोठ्यानं वाचा."

देवस्थळींनी काडी बाजूला केली. "दिनांक अकरा जून. पावडर संपली. आरोग्य कचेरीतून आज आली नाही. पाणी भट्टीवर उकळून गार केले. नळीत रंग आला नाही." ते थांबले. "दिनांक बारा जून. पावडर आली नाही. पाणी उकळले. रंग आला नाही. दिनांक तेरा..." त्यांनी बोटाने खाली सरकत चौदा तारखेपर्यंतच्या नोंदी मनातल्या मनात वाचल्या. मग बोट एका जागी टेकले. "आणि खाली ही 'तपासले' म्हणून सही. खैरनार, ही तुमची ना?"

पडद्यामागे कुणीतरी फस्सकन हसले आणि लगेच खोकल्याचे सोंग केले.

खैरनारांनी रजिस्टर जवळ ओढून पाहिले. सही त्यांचीच होती. नोंदीही त्यांच्याच डोळ्यांखालून गेल्या होत्या, म्हणजे त्यांनी तसे लिहून दिले होते. "उकळलेल्या पाण्यालाही एक वास असतो, साहेब," ते म्हणाले.

"आसतो की," झुंबरबाई म्हणाल्या. "धुराचा. मंग अर्जात धूर लिहायचा. पावडर का लिवली?"

"बाई, बोलणं जपून—"

"जपूनच बोलते. ते पाणी त्यांच्या तोंडात गेलंच नाय, तर वास कुठून कळनार? शिमग्यापासून त्या अकरा गिलासांना पाणी लागलं नाय. रोज मी धुते. न प्यालेला गिलास मला कळतो."

कॅशियर खिडकीतून बाहेर पाहू लागला. देवस्थळींनी घड्याळाकडे पाहिले, मग मध्यममार्ग काढण्याची जी शक्ती अशा माणसांना उपजत असते तिला साद घातली. "असं करू या. एक आठवडा बाई पाणी बघतील, एक आठवडा गोरक्ष. कुणाचीच तक्रार नको."

"नाय, सायब."

"अहो, यात तुमचं काय जातं?"

"माझा आठवडा आला की त्यांची सुरई निघंल, नानांचा आठवडा आला की सुरई आत जाईल. मंग सगळ्या गावाला दिसंल की कुणाच्या आठवड्याला काय व्हतं. मला काढायचं तर सरळ काढा. तुमचा अधिकार हाय. पन कारन लिहा. वास नव्हता, हे तर आत्ता ठरलं. मंग जे हाय ते लिहा. माझी चौथी झालीया. मी वाचीन."

देवस्थळींनी खरोखरच पेनाचे टोपण काढले. कागद पुढे ओढला. 'सबब' हा शब्द लिहिला आणि मान वर करून विचारले, "काय लिहू, खैरनार?"

वीस वर्षांत त्या कचेरीतला एकही कागद खैरनारांपाशी अडला नव्हता. पूर का आला, कालवा का फुटला, रस्ता का वाहून गेला, साऱ्यांची कारणे त्यांनी शोभिवंत भाषेत पुरवली होती. या एका कारणाला त्यांच्याजवळ वाक्य नव्हते. म्हणजे वाक्य होते. ते खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होते. ते कागदावर आले की त्याला कोणता कायदा लागतो, हेही प्रत्येकाला ठाऊक होते.

"आपण म्हणाल ते," खैरनार म्हणाले.

देवस्थळींनी 'सबब'पुढे लिहिले: 'तक्रार निकाली काढण्यात येत आहे. सद्य व्यवस्था कायम.' आणि टोपण लावले.

माणसे उठू लागली. झुंबरबाई उठल्या नाहीत. त्या मुळात बसल्याच नव्हत्या. "अजून एक हाय, सायब. या इमारतीत जेवढं पिण्याचं पाणी हाय तेवढं माझ्या रजिस्टरात पाहिजे, आसं परिपत्रकात लिवलंय. सुरई रजिस्टरात नाय."

"मग घ्या ना रजिस्टरात," देवस्थळी वैतागून म्हणाले. फाइल बंद झाली होती आणि त्यांना चहा हवा होता.

अर्ध्या तासाने झुंबरबाई पावडरीचे माप, नळी आणि औषधाची बाटली घेऊन लिपिकांच्या खोलीत शिरल्या. शुक्रवारी उशिरा आलेली पावडर आज टाकीतही पडली होती. सगळ्यांच्या देखत त्यांनी सुरईवरची वाटी काढली, मोजून पावडर टाकली, लाकडी चमच्याने ढवळले आणि तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. नियम अर्ध्या तासाचा होता. अर्धा तास त्या खोलीत टाइपरायटर वाजला नाही. मग त्यांनी नळीत पाणी घेतले, थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरली. पाणी हळद लावल्यासारखे झाले.

"आता निर्धास्त प्या," त्या म्हणाल्या. "त्या आडाचं नाय सांगता येत, पन आता ह्याची जबाबदारी माझी." आणि रजिस्टरात लिहिले: 'लिपिक खोली, सुरई एक. पावडर टाकली. रंग आला.'

त्या सुरईला पुन्हा कुणी ओठ लावला नाही. संध्याकाळी कॅशियरने ती रिकामी करून सायकलीला बांधून घरी नेली.

त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत झुंबरबाईंनी खालची फळी मोकळी केली. हजेरीपट मागून घेतला आणि त्यातल्या क्रमाने एकतीस पेले वरच्या फळीवर लावले. फळी अपुरी पडली तेव्हा खालची फळी उचकटून तिच्याच शेजारी ठोकली. साहेबांपासून सुरुवात, शेवटी त्यांचा स्वतःचा. हजेरीपटाच्या हिशेबाने जयराम पगारे नववे होते. त्यांचा पेला खैरनार आणि कॅशियर यांच्यापासून फार दूर राहिला नाही. कुणी काही बोलले नाही, कारण क्रम हजेरीपटाचा होता आणि हजेरीपटाला हरकत घेण्याची रीत त्या कचेरीत नव्हती.

जयराम सर्वांत शेवटी आले. त्यांनी नववा पेला उचलला, त्यावरचे आपले नाव अंगठ्याने चाचपून पाहिले आणि तोटी सोडली. एक पेला प्यायले. दुसरा भरला.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "आज खरंच वास येतो हो."

"आज पावडर हाय, भाऊ. आज खुशाल अर्ज करा."

जयराम हसले. आठ वर्षांत त्या व्हरांड्यात त्यांना मोठ्याने हसताना कुणी पाहिले नव्हते. दुसरा पेलाही त्यांनी संपवला.

झाली हकिकत एवढीच. तिने कचेरीचे मन पालटले असे म्हणणे खोटे होईल. अकरांपैकी चार जण दिवाळीपर्यंत टाकीवर येऊ लागले. उन्हात साइटवरून आलेल्या माणसाला फार वेळ तत्त्व सांभाळता येत नाही. उरलेले सात, ज्यांत खैरनारही होते, घरून बाटल्या आणू लागले, आणि एके काळी जयरामांच्या पोटाविषयी जे बोलले जाई ते आता या सात जणांच्या पोटांविषयी बोलले जाऊ लागले. झुंबरबाई त्यांच्याशी भांडल्या नाहीत. सात पेले त्या रोज इतरांबरोबर उकळत्या पाण्यातून काढीत, पुसून आपापल्या जागी ठेवीत. खैरनार समोरून जाताना त्या 'या भाऊसाहेब' म्हणत नसत आणि तोंडही फिरवत नसत.

१९८३ च्या उन्हाळ्यात शहरात पुन्हा पाण्याची ओढाताण झाली. देवस्थळींची बदली झाली होती. नवे साहेब तरुण होते, नीटनेटके होते, जुने काही त्यांना ठाऊक नव्हते. सरकारी इमारतींनी पाण्याची बचत करावी असा हुकूम आला तेव्हा त्यांनी रजिस्टर मागवून पाहिले आणि झुंबरबाईंना विचारले, "बाई, टाकीवर चोवीसच माणसं पाणी पितात असं कळलं. मग तुम्ही एकतीस माणसांचं का भरता? सात माणसांचं पाणी रोज उरतं."

"उरत नाय, सायब. खिडकीवर उन्हात उभे असतात त्या शेतकऱ्यांना जातं."

"ते ठीक आहे. पण रजिस्टरात चोवीस लिहा. हिशेब खरा पाहिजे."

"हिशेब खराच हाय. हजेरीपटात कितीजन हायत?"

"एकतीस."

"त्यातल्या सातांनी पाणी घ्यायचं नाय, ही त्यांची मर्जी. त्यांच्या नावचं भरायचं नाय, ही कुणाची? मी चोवीस लिवलं तर त्यांनी सोडलं नाय, आपणच त्यांना तोडलं आसं व्हईल. मला तसलं काम जमनार नाय. ज्यांना ते जमतं त्यांच्यात माझं नाव मी माझ्या हातानं लिवनार नाय."

साहेबांना सारे समजले की काही, हे सांगता येत नाही. पुढे बचतीचा हिशेब लावताना मात्र टाकीत भरायचे माप त्यांनी बदलले नाही.

झुंबरबाई व्हरांड्यात आल्या. पाणी भरणारी गाडी फाटकाशी येऊन थांबली होती आणि गाडीवान विचारत होता, किती टाकू. त्यांनी पदर खोचला, स्टुलावर चढून झाकण उघडले आणि वरूनच सांगितले, "पुऱ्या एकतीस मानसांचं. कमी नाय करायचं."